भट्टी गार झाली त्या सकाळी

गावाच्या पोटात गॅस सापडला आणि नगराध्यक्षबाईंचं नशीब फळफळलं. ‘घरोघरी गॅस फुकट’ एवढ्या एका आश्वासनावर त्या निवडून आल्या. मग लोकांचाही हात सैल सुटला. काडी कशाला वाया घालवा म्हणून शेगड्या दिवसभर पेटत्या ठेवायच्या, थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून खोल्या तापवायच्या. फुकट ते पौष्टिक.

बाईंचे धाकटे दीर त्याच गॅसच्या भट्टीवर काचेचा कारखाना चालवायचे. निम्मं गाव त्यांच्याकडे कामाला. एकदा जेवताना ते म्हणाले, “वहिनी, घरच्या गॅसला थोडं तरी मोल लावा. त्यातून पोरांना दुसरे धंदे शिकवू. विहीर कधीतरी आटणारच.”

“भावोजी, लोकांच्या तोंडचा घास मी काढू? निवडणूक तुम्हाला लढवायची नसते, म्हणून बोलता.”

सगळे हसले. तेही हसले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

काही वर्षांनी गॅसचा दाब उतरू लागला. बाईंची झोप उडाली. त्यांनी सभा बोलावली आणि घरांचा गॅस बंद करून उरलेला भट्टीला द्यायचा ठराव मांडला. त्यांचा उजवा हात समजला जाणारा उपाध्यक्षच उठला. “बाई, दिलेलं काढून घ्यायचं नसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.” ठरावाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही.

भट्टी विझवायच्या दिवशी सकाळी बाई कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. काच आतच थिजली की भट्टीला तडे जातात, हे त्या ऐकून होत्या. तो आवाज मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. आधी बारीक टणटण, मग आत कुणी हाडं मोडावीत तसा कडाका. कामगार खाली मान घालून उभे होते.

“भावोजी, तेव्हा मी तुमचं...”

“असू द्या वहिनी. मी तरी नंतर कुठे तोंड उघडलं? शेगडी माझ्याही घरात जळतच होती.”

महिनाभरात दीर बायकामुलांना घेऊन परगावी गेले, दुसऱ्याच्या भट्टीवर नोकर म्हणून. बाईंनी खटपट करून रिकाम्या कारखान्यात सुतारकामाचे, वीजकामाचे वर्ग सुरू केले. शिकवणारे चांगले मिळाले. पण शिकायच्या वयाची पोरं आईबापांमागे केव्हाच गाव सोडून गेली होती. तरी बाई रोज जाऊन बाकं पुसून यायच्या.