झडपेचं उत्तर

भावोजींचा उजवा हात मनगटापासून गेला, त्याला दोन महिने झाले होते. चाळीस टनांच्या ज्या प्रेसने तो नेला, तिचा प्रोग्राम त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानेच लिहिलेला. त्यातलं, प्रेसपुढचं सुरक्षेचं दार लावणारं फंक्शन काम करून एक आकडा परत देई: शून्य म्हणजे दार लागलं, दुसरं काहीही म्हणजे बोंब. त्या दिवशी त्याने सात दिला होता. आमच्या शहाण्याने तो कधी बघितलाच नव्हता. उत्तर न ऐकता पुढच्या ओळीवर, आणि प्रेस खाली.

आज तो दुरुस्ती करून, मशीन सुरक्षित असल्याच्या कागदावर सही ठोकायला आला होता.

"झालं ना? मग दार उघडं ठेवतो. तुमचा हात ठेवा," त्या प्रेसवरचा फिटर म्हणाला.

मेहुणा हसला. दुसरं कोणी हसलं नाही. फिटरने त्याची मानगूट धरून त्याचं तोंड लोखंडावर आपटलं. ओठ फाटला, दात हलला. दोन कामगारांनी त्याचा उजवा हात ओढून साच्यात दाबून धरला. भावोजींनी डावा अंगठा हिरव्या बटणावर ठेवला.

"दाराचं उत्तर बघतोस ना आता?" भावोजींनी विचारलं.

"बघतो."

"मग थरथरतोस कशाला?"

दाराचं तो खरंच बघत होता. पण दार उघडं दिसलं की प्रेसला वरच धरून ठेवायची ती झडप. तिचं फंक्शनही आकडा देत होतं, आणि झडप कशाला अडकतेय म्हणून त्याने तो तसाच सोडला होता. शंभरात एखाद्या वेळीच अडकली असती. गप्प बसला असता तर बहुधा निभावलं असतं, सही करून घरी गेला असता. बटण किंचित दबल्याचं त्याला दिसलं.

"नका दाबू," तो ओरडला. "झडपेचं उत्तर मी बघत नाही. अडकली तर कळणारच नाही."

त्यांनी हात सोडला. हात छातीशी धरून तो खाली बसला.

"उद्या सकाळी इथे या फिटरचा हात असता," भावोजी म्हणाले. "माझा गेला तेव्हा तुला झडप आठवली नाही. तुझा आत गेल्यावर आठवली."

मग त्यांनी उरलेल्या हाताने त्याला मारायला सुरुवात केली. कोणी मध्ये पडलं नाही. त्यानेही तोंड झाकलं नाही.