शताब्दीच्या दिवशीचं स्ट्रेचर

"आत्ता नको. पार्सलच्या खोलीत ठेवा. भाषणं आटपली की न्या," स्टेशन मास्तर म्हणाले.

हमाल दांडे हातात धरून तसाच उभा राहिला. स्ट्रेचरवर चादरीखाली एक म्हातारा होता, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेला. डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. रुग्णवाहिका पुढच्या दाराशी उभी होती, पण तिथे जायचा रस्ता मंडपातून होता. आज उपनगरातल्या या स्टेशनाला शंभर वर्षं झाली होती. नव्या पांढऱ्या फरशीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाहुणे येऊन बसलेसुद्धा होते.

हमालाने मागच्या जोडीदाराकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. दोघांनी स्ट्रेचर पार्सलच्या खोलीत नेऊन ठेवलं.

चाकांच्या बॅगा आल्यापासून हमालाला सामान उचलायला कोणी बोलवत नव्हतं. उरली होती ती रुळावरची माणसं. रक्ताची त्याला किळस येत नसे. काम झालं की नळावर हात धुवायचे आणि डबा उघडायचा. आज मात्र त्याला डबा नकोसा वाटत होता. पादचारी पूल रंगवायला म्हणून कालपासून बंद होता. पाहुण्यांना तो चकचकीत दिसायला हवा होता. स्टेशनामागच्या वस्तीतल्या माणसांनी पलीकडे जायचं कसं, हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारा औषधं घेऊन घरी चालला होता. पिशवी अजून त्याच्या मनगटात अडकलेली होती.

खोलीत भिंतीला लागून खाऊची खोकी रचून ठेवली होती. थोड्या वेळाने बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. चादर पाहून तो दारातच थबकला. मग त्याने रुमाल नाकाला लावला, एका हाताने खोक्यांची चळत छातीशी धरली आणि बाहेर जाऊन हसतमुखाने वाटायला लागला. जोडीदारही त्याच्या मागोमाग गेला. येतो म्हणाला, पण खोकं घेऊन मागच्या रांगेत बसला. हमालाला उघड्या दारातून तो खाताना दिसत होता.

म्हाताऱ्याच्या फोनवरून पोलिसाने मुलीला कळवलं होतं. ती कामावरून तशीच आली. केस विस्कटलेले, खांद्याला पर्स. मास्तरांनी तिला दारातच गाठलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. कागदपत्रं चालू आहेत, थोडा वेळ लागेल, असं ते खालच्या आवाजात सांगत राहिले. ती ऐकत नव्हती. ती सरळ आत आली. हमालाने चादर चेहऱ्यापुरती बाजूला केली. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. तिने वडिलांचा चष्मा सरळ केला, मग काढून पर्समध्ये ठेवला.

लाउडस्पीकरवर स्टेशनाचा इतिहास चालू होता. पूर्वी इथे नुसता मातीचा उंचवटा होता आणि खांबाला एक कंदील. कारखान्यात जाणारी माणसं उंचवट्यावर उभं राहून हात दाखवायची. "तेव्हा एका माणसासाठीसुद्धा गाडी थांबायची!" वक्ता म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

मुलीने हमालाला विचारलं, "कशाची वाट बघताय?"

हमालाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कपाळ पुसत होते.

"भाषणं संपायची," हमाल म्हणाला.

तिने पर्स गळ्यात अडकवली आणि स्ट्रेचरच्या पायाकडचे दांडे धरले.

"अहो, तुम्ही कशाला," मास्तर म्हणाले. मग हमालाकडे वळून हळूच म्हणाले, "माझीही नोकरी आहे रे. जरा समजून घे."

हमालाला ते समजत होतं. तरी त्याने पुढचे दांडे उचलले.

दोघं मंडपात शिरली. पहिल्या रांगेतल्या बाईने साडी आवरून घेतली. कोणीतरी फोन वर धरला. मागच्या रांगेत जोडीदार अर्धं खाल्लेलं खोकं हातात घेऊन उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. वक्ता थांबला, मग घसा खाकरून पुढचं वाक्य शोधू लागला. मुलीला ओझ्याची सवय नव्हती म्हणून हमाल सावकाश चालत होता. ओझं तोलत, मागे न बघता, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत.

रुग्णवाहिकेत स्ट्रेचर चढवल्यावर तिने तळहात चोळले. "त्यांना उंच पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी रोज पुलावरूनच यायचे," ती म्हणाली. हमालाने मान खाली घातली. दार लागलं आणि गाडी गेली.

तो परत आला तेव्हा भाषण पुन्हा सुरू झालं होतं. पांढऱ्या फरशीवर जिथे रक्ताचे थेंब पडले होते, तिथे कोणीतरी फुलझाडाची कुंडी आणून ठेवली होती. मास्तर दुसरीकडे बघत होते.

हमाल नळावर गेला. बादली भरून, फडकं घेऊन आला. त्याने कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि पाहुण्यांच्या पायांशी उकिडवा बसून फरशी पुसू लागला. पुसायचा, पिळायचा, पुन्हा पुसायचा. पहिल्या रांगेतल्यांनी एकेक करून पाय मागे घेतले.