किलियनचं ग्लायडर

अर्नुल्फ रॉइस ग्लायडर शिकायला आला, तेव्हा ओटिली वेह्नरला मनापासून आनंद झाला. असा आनंद चांगल्या बाईला होऊ नये, हे तिला कळत होतं. पण सात वर्षं डूख धरून बसल्यावर चांगलं राहायची हौस तिला उरली नव्हती.

ऱ्होनच्या डोंगररांगेतल्या त्या बोडक्या टेकडीवर पूर्वी शिकणारा पोरगा पहिल्या दिवसापासून एकटाच उडायचा. मास्तर खालून बोंबलायचा आणि पोरगा वरून पडायचा. ओटिलीच्या थोरल्या भावाने, किलियनने, लहानपणी इतके मोडलेले पाय पाहिले की त्याला एकच वेड लागलं: मास्तर पाठीशी बसला पाहिजे. युद्धानंतर हरलेल्या देशात उडायलाच बंदी होती. कैदेतून खोकला घेऊन परतलेला किलियन तेव्हा गोठ्यामागच्या खोलीत वॉलपेपरच्या उलट्या बाजूवर दोन जागांचं ग्लायडर रेखत बसे. पुढे शिष्य, मागे गुरू, आणि दोघांपुढे विमान वळवायचे, एकमेकांना जोडलेले दांडे. मागची जागा त्याने पंखाखाली, नेमकी तोलाच्या ठिकाणी घेतली. मास्तर उतरला तरी विमानाला कळता कामा नये, असं तो म्हणायचा. पोराला एकटं सोडायच्या दिवशी विमानाने वेगळं वागू नये, एवढ्यासाठी त्याने आपले शेवटचे दोन हिवाळे घातले.

बंदी उठली त्याच वर्षी तो गेला. त्याचा जिवलग मित्र अर्नुल्फ मयताला आला, ओटिलीच्या गळ्यात पडून रडला, आणि विमानांच्या कारखान्यात दाखवतो म्हणून कागदांची भेंडोळी काखेत मारून गेला. पुढच्या वर्षी ग्लायडर बाहेर पडलं ते नाकावर 'रॉइस' असं नाव मिरवत. आयत्या बिळावर नागोबा! ओटिलीने घरोघर जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, भाऊ गेलाय बिचारीचा, बोलू द्या. तेव्हापासून तिला एकच हवं होतं: किलियनचं नाव, अर्नुल्फच्याच तोंडून, चारचौघांत.

म्हणून ती उडायला शिकली, मग शिकवायला शिकली, आणि वाट बघत बसली. आता अर्नुल्फ निवडणुकीला उभा होता. स्वतःच्या विमानात एकटा बसायची ज्याची छाती नाही तो जिल्हा काय चालवणार, अशी विरोधकांनी त्याची टर उडवली होती. टेकडीवरच्या उड्डाण-क्लबात शिकवणारी एकटी ओटिली. तो नवी टोपी घालून आला.

"जुनं सगळं विसरलीस ना?" त्याने विचारलं.

"पट्टा आवळ," ती म्हणाली.

जूनमध्ये एकदा वळताना त्याने वेग घालवला आणि ग्लायडर गिरक्या घेत खाली निघालं. खालचं जंगल गरगर फिरू लागलं. अर्नुल्फने किंचाळून दांडा सोडला. मागे ओटिलीचा हात दांड्यावर होता आणि क्षणभर तिने काहीच केलं नाही. स्वतःच्या जिवाचं तिला फारसं वाटलं नाही. पण किलियनच्या विमानाला बट्टा लागला असता, आणि हा मेला हुतात्मा म्हणून पुरला गेला असता. मेलेला माणूस कबूल करत नाही. तिने ग्लायडर सावरलं.

मग तिने त्याला जीव ओतून शिकवलं. क्लबातली मंडळी म्हणाली, बघा, काळ हेच औषध. ओटिली मान डोलवायची. तिला फक्त त्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण हवं होतं, कारण त्यानंतरची रीत सगळ्यांना ठाऊक होती. उतरलेल्या माणसाने उघड्या हातात काटेरी फुलांचा गुच्छ धरून वाकायचं, आणि हजर असलेल्या प्रत्येकाने त्याच्या ढुंगणावर एकेक चापट द्यायची. ग्लायडरला उचलणारी, वर चढणारी हवा बसलेल्याला तिथेच आधी कळते म्हणे. गुरूची चापट शेवटची, आणि ती बसेपर्यंत उठायचं नाही.

ऑगस्टमधल्या रविवारी ती मागच्या जागेवरून उतरली आणि त्याला एकट्याला वर पाठवलं. पेपरवाला कॅमेरा घेऊन उभा होता, अर्धं गाव जमलं होतं. अर्नुल्फ नीट उतरला, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तू नव्हतीस, तरी ते सरळच चाललं," तो तिला हळूच म्हणाला.

"हो," ओटिली म्हणाली. "वाक आता."

चापटा सुरू झाल्या. बायकांनी हात धुऊन घेतले, पाद्रीबाबांनीही एक सणसणीत दिली. अर्नुल्फ हसत होता. शेवटी ओटिली त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने हात उचललाच नाही.

"मार की, मास्तरीणबाई. कंबर गेली माझी."

"हे विमान कुणी रेखलं?"

त्याचं हसू मावळलं. "हे काय आत्ता, ओटिली?"

"सावकाश सांग. मला घाई नाही."

उठायला त्याला कुणी अडवलं नव्हतं; पण रीत मोडून उठणाऱ्याला इथे कुणी पाणी विचारलं नसतं, मताचं तर नावच नको. त्याच्या बोटांत काटे रुतले होते. ओटिलीला त्याची मुळीच दया आली नाही.

"किलियनने," तो गवताकडे बघत म्हणाला.

"मोठ्याने. आडनावासकट."

"किलियन वेह्नरने. मी नाही. मी नुसते कागद नेले."

पेपरवाला कॅमेरा खाली घेऊन लिहू लागला. ओटिलीने बाही वर सारली. रीत माणशी एका चापटेची होती. तिने दोन मारल्या, आणि दुसरी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.