बूट काढून घेतलेलं माप

उपासाच्या चाळीस दिवसांतला पहिला रविवार म्हणजे आमच्या त्रियाना या नदीकाठच्या वस्तीत मापाचा दिवस. देवळाच्या भिंतीला पाठ लावून माणसं उभी राहतात आणि मुकादम एकेकाच्या मानेच्या मणक्यावर हात ठेवून उंच्या जुळवतो. मरियामायची पालखी आमच्याकडे खांद्यावर नाही, मानेवर घेतात. एका ओळीत पाच माणसं, पाचही माना एका पातळीत. एखादी मान बोटभर उंच निघाली, की सगळं ओझं तिच्यावर.

पंचाहत्तर सालची गोष्ट. माझे बाबा, लेआंद्रो, नेहमीसारखे भिंतीला उभे राहिले. म्हातारा मुकादम बेल्ट्रान चाचपडत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. हात वर केलाच नाही.

"लेआंद्रो, तुझं नाव नाही रे यादीत."

"यादी? माझ्या आज्याला कोणी यादीत बघितलं होतं?"

"देवळाच्या मंडळानं ठरवलंय. यंदा मंडळाचीच पोरं वाहणार. पैसे न घेता, भक्ती म्हणून."

"आणि मी वीस वर्षं कशासाठी वाहिली? व्यायाम म्हणून?"

बेल्ट्राननं मोतीबिंदूचे डोळे पुसले आणि तो पुढच्या पोराकडे सरकला. पोरं सगळी कॉलेजातली. लांब केस, लांब कल्ले, अंगाला अत्तराचा वास.

बाबा गोदीवर हमाल. आज्यानं आणि पणज्यानंही याच नदीचं ओझं उतरवलं. कधीकाळी नदीनं अमेरिकेची चांदी आणली, मग बुचाचं लाकूड आणलं, गहू आणला, संत्री नेली. आता ती गाळ आणत होती. मोठी जहाजं खालीच कुठंतरी थबकत, आणि जी वर येत त्यांना क्रेन पुरे. आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तरी बाबा शीळ वाजवत घरी येत. उपास संपताना येणाऱ्या पवित्र आठवड्यात, पालख्यांच्या मिरवणुकींसाठी, मंडळं गोदीच्या हमालांना मजुरीवर बोलवत. आमच्या मंडळानं हात आखडल्यावर बाबांच्या टोळीतले बाकीचे नदीपलीकडच्या एका मंडळाकडे गेले. बाबा गेले नाहीत.

"तिथं मजुरी आहे ना? मग जा की," आई म्हणाली. तिचं नाव रेमे, आणि तिची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक.

"ती मरियामाय आपली नव्हे."

"मग आपलीच वाहा. फुकट."

"फुकट ओझं उचलतो तो हमाल नव्हे, रेमे, गाढव."

"गाढव निदान तोंड पाडून बसत नाही."

बाबा उठून बाहेर गेले. त्या दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नाही. यंदा पालखी पुलावरून जाईल आणि आपण कडेला टोपी काढून उभे असू, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी देवळासमोरच्या चौकात सराव होता. पालखीचा नुसता सांगाडा, वर वाळूची पोती, आणि छताचे बारा चांदीचे खांब. मी फरशा रंगवायच्या कारखान्यातून थेट तिथं गेले होते, नखांत निळा रंग तसाच. बाबा समोरच्या गुत्त्यात चौकाकडे पाठ करून बसले होते, मी त्यांच्याजवळ दारात उभी. पाठ होती, पण कान इकडेच.

बेल्ट्राननं उचलायच्या इशाऱ्याचा हातोडा मारला. तीस पोरांनी सांगाडा उचलला आणि निघाली. खांब एकमेकांवर खणाखणा आदळले. भांड्यांची फळी कोसळावी तसे. खरं तर ते कसे वाजायला हवेत? मंद. जोंधळ्याच्या शेतातून वारा जावा, तितके.

गुत्त्यात बाबांचा खांदा उडाला. पुन्हा आवाज, पुन्हा खांदा.

"डावीकडून मागं बसतंय," ते ग्लासाला म्हणाले.

"काय बसतंय?" मी विचारलं.

"ट्रिनी, तू गप."

विसाव्याला पोरं सांगाड्याखालून बाहेर आली. गोन्सालो नावाच्या एकाची मान सोलून लाल झाली होती. डॉक्टरचा मुलगा, तरी रडकुंडीला आलेला. पालखीखाली घालायच्या दोरीच्या तळाच्या सपाट चपला काढून त्यानं, बाकीच्यांसारखेच, आपले बूट चढवले. फॅशनचे, चार बोटं उंच टाचांचे. उभा राहिला तो एकदम वेगळाच माणूस.

बाबा वळले. त्याच्या पायांकडे बघितलं. मग शेजारच्याच्या, मग तिसऱ्याच्या. कोणाची टाच चार बोटं, कोणाची दोन, कोणाचा सपाट जोडा.

ते ग्लास ठेवून चौकात आले. "ए पोरा, मापाच्या दिवशी हेच घातले होतेस?"

"हो मास्तर. नवे होते."

"मी कुठला मास्तर! मला सहीपुरती अक्षरं येतात." मग ते बेल्ट्रानवर ओरडले, "अरे आंधळ्या, तू माना मोजल्यास की चांभाराची कारागिरी?"

बेल्ट्रान पांढराफटक पडला. हमालांना कधी टाचाच नव्हत्या. खाली बघायची सवय त्याला लागणार कुठून?

"बूट काढा!" बाबा म्हणाले. "सगळ्यांनी. भिंतीला लागा."

तीस कॉलेजकुमार मोज्यांवर उभे राहिले. एकाच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. बायका सज्जातून हसत होत्या. बाबांनी डोक्याचं गोणपाट कसं बांधायचं, चुंबळ टाळूवर नव्हे, मानेच्या मणक्यावर कशी बसवायची, तेही दाखवलं. ओळी नव्यानं लागल्या. गोन्सालो दुसरीतून सहावीत गेला. आणि चौथ्या ओळीत चारच माना जुळल्या. उरलेलं एक पोर फारच बुटकं, पाचवी मान मिळेना.

बेल्ट्राननं हात वर केला आणि बाबांच्या मानेवर ठेवला. हात बराच वेळ तिथंच होता.

"इथं बसतोस तू."

"मजुरी?"

"नाही."

बाबा नाही म्हणाले तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यांनी वर सांगाड्याकडे बघितलं. मग उघड्या अंगठ्याच्या त्या पोराकडे.

"यांच्या भरवशावर तिला पुलावर पाठवू? तिथं वारा असतो." ते खाकरले. "पण फुकट नाही हां. दर रविवारी सरावानंतर मला वाइन पाजायची. थंड. आणि पाय आपटणाऱ्यानं दोन ग्लास द्यायचे."

"मग मास्तर, तुम्ही घरी चालत जाणार नाही," गोन्सालो म्हणाला, आणि बाबा हसले. मापाच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

पवित्र आठवड्यात, उतरत्या दुपारी, मरियामाय पुलावर आली. भरतीचं पाणी चढत होतं, पलीकडच्या काठावरच्या सोनेरी बुरुजाकडून वारा येत होता. मेणबत्त्या वाकल्या, विझल्या नाहीत. खांब इतके हळू वाजत होते, की आईनंही बोलणं थांबवलं. पालखीला चहूबाजूंनी सोडलेल्या झुलीच्या आतून बाबांचा आवाज आला, गोदीवर पोती वाहताना म्हणायचे ते गाणं:

"नदीबाई, हळू चाल, घाई नको गं करू,
मानेवर माय माझी, कसा पाय आदळू."

दुसऱ्या वेळी त्यात आणखी आवाज मिसळले, कॉलेजातले, बेसूर.

झुलीखाली तीस जोड पाय दिसत होते. मी वाकून बाबांचे शोधले. चौथी ओळ मोजली, पुन्हा मोजली. सगळेच पाय जमिनीला घासत, एकाच चालीत, शांत पुढं सरकत होते. त्यात हमालाचे कोणते, डॉक्टरच्या मुलाचे कोणते, मला ओळखू येईना.