वीतभर मागे

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी आईने त्यांचा कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा बाई तुझ्या घरी. कपाट उघडलं की तो माझ्याकडे बघत बसतो."

मी तो आधी स्क्रूकाकांकडे नेला. वापरायचा होता असं नाही, पण बंद पडू द्यायचा नव्हता. स्क्रूकाका म्हणजे बाबांचे कॅमेरे दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नाही. जिन्याखालचं त्यांचं दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की दार लावता येत नाही. टेबलावर हिरवं कापड, त्यावर बाटल्यांच्या झाकणांत मोजके चार-चार स्क्रू आणि मान वाकवलेला एक दिवा.

"ये, ये. आज वाट चुकलीस?" ते म्हणाले. "आणि साहेब कुठे आहेत? तीन वर्षं फिरकले नाहीत. शेवटचे आले तेव्हा मी त्यांच्या नव्या लेन्सला लोणच्याची बरणी म्हणालो होतो. ते लागलं की काय त्यांना?"

"बाबा गेले, काका. दोन महिने झाले."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाचच सदऱ्याला पुसला. "हा त्यांनीच करून दिलेला," ते म्हणाले आणि परत घातला.

बाबांनी चाळीस वर्षं चष्म्यांचं दुकान चालवलं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासायचे, काचा घासायच्या, फ्रेमच्या काड्या वाकवून कानांवर नीट बसवायच्या. दुकान बंद केलं त्या वर्षी त्यांनी हा डिजिटल रेंजफाइंडर घेतला. मी तेव्हा हसले होते. ज्यात फोकस आपला आपण होतो असे इतके कॅमेरे असताना, हाताने कडी फिरवायचा कॅमेरा कशाला?

"डोळ्याला काम हवं म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी मला एकदा खिडकीशी बसवून ते शिकवलं होतं. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. कोपऱ्यात वेगळी काचेची खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एकमेकींपासून जराशा सुटलेल्या. लेन्सवरची कडी फिरवत न्यायची. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की माणूस फोकसमध्ये आला. "दोन नाकांचं एक नाक झालं की दाबायचं," बाबा म्हणायचे. त्या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही थोडं दिसतं, आणि त्यांना खरी मौज त्याचीच होती. सायकलवाला चौकटीत शिरायच्या आधीच त्यांना दिसायचा आणि ते त्याची वाट बघत उभे राहायचे. त्यांच्याजवळ तीन लेन्स होत्या. रुंद लेन्स रस्त्यासाठी, मधली घरासाठी आणि लांबची, म्हणजे लोणच्याची बरणी, खास आईसाठी. "ही जवळ गेलं की तोंड वाकडं करते, म्हणून हिला लांबून गाठायचं."

दर रविवारी सकाळी ते एकटे बाहेर पडायचे. कॅमेऱ्याचा मागचा पडदा बंद ठेवायचे. फोटो काढला की लगेच बघायचा नाही, हा त्यांचा नेम. दुपारी मी आले की आम्ही दोघं संगणकावर सगळे फोटो बघायचो आणि त्या तासाभरात त्यांना चहासुद्धा आठवत नसे.

स्क्रूकाकांनी लेन्स काढून आत उजेड टाकला. मग लेन्स परत लावली, भिंतीवरच्या मोजपट्टीचा फोटो घेतला, पडद्यावर मोठा करून पाहिला. आणखी एक घेतला. मग मला न विचारताच कार्डवरचे जुने फोटो उघडले.

शेवटचे फोटो आईचे होते. आई खुर्चीत, आई दारात, आई सुईत दोरा ओवताना. एकाही फोटोत तिचा चेहरा स्पष्ट नव्हता.

"बाबांचे डोळे अधू झाले होते शेवटी," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"दिसतंय की."

"मला तर वेगळंच दिसतंय." त्यांनी फोटो मोठा केला. आईचं नाक धुक्यात होतं, पण तिच्या मागे खुर्चीच्या पाठीची वीण मोजून घ्यावी इतकी साफ. पुढच्या फोटोत दाराच्या कडीवरचा ओरखडा. त्याच्या पुढच्यात मागच्या कापडी पडद्याची शिवण. "डोळा चुकतो ना, तो कसाही चुकतो. कधी पुढे, कधी मागे, कधी चुकून बरोबर. हे बघ. दर वेळी वीतभर मागे, आणि तिथे मात्र लख्ख. इतक्या नेमाने माणूस चुकत नसतो. यांच्या खिडकीत दोन प्रतिमा अगदी बरोबर जुळत होत्या. खिडकीला लेन्सशी जोडणारा आतला दांडाच हललाय, त्यामुळे लेन्स मागेच बघत होती." त्यांनी मान वर केली. "पडला होता का कधी?"

हो. पडला होता.

अडीच वर्षांपूर्वी, एका रविवारी. बाबा अंघोळीला गेले होते. माझी पर्स खुर्चीवरून ओढताना तिच्या पट्ट्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकला आणि कॅमेरा फरशीवर आपटला. कुठे पोचासुद्धा आला नव्हता. मी उचलला, समोरच्या कपाटाचा एक फोटो काढला, पडद्यावर कपाट छान दिसलं. तो फोटो पुसला आणि कॅमेरा होता तिथे ठेवून दिला. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःशी म्हणत आले. ते राहून गेलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता.

नंतर आईचे फोटो बिघडू लागले. रस्त्यावरचे, उन्हातले फोटो ठीक यायचे, जवळचे बिघडायचे. दोनेक महिन्यांनी बाबा एकदा म्हणाले, "कॅमेऱ्यातच काही झालंय का गं?" मला ते पडणं आठवलं. आणि मी हसून म्हटलं, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं!"

ही म्हण त्यांचीच होती. नवा चष्मा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्याने तक्रार घेऊन यायचं, तेव्हा ते गेल्यावर बाबा हेच म्हणायचे. काच कधी खोटं बोलत नाही, डोळा बोलतो, यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. त्यामुळे ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांना ते पटलं. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही, आणि हळूहळू रविवारचं बाहेर पडणंही थांबलं.

"पडला होता," मी म्हटलं. "माझ्या हातून."

स्क्रूकाकांनी एक बारीक हत्यार घेतलं, आत केसभर काहीतरी फिरवलं, मोजपट्टी पाहिली, परत फिरवलं. पाच-सात मिनिटांचं काम. मग माझ्यावर कॅमेरा रोखून एक फोटो काढला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पापणीचा केस न् केस दिसत होता. मला तो बघवला नाही.

"आणला असता तर दोन चहांच्या मधे झालं असतं गं हे," ते म्हणाले. "आणला का नाही?"

मी तिथून तडक आईकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. बाबांचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते, चूक माझी होती, एवढंच आईला सांगायचं होतं. तिने मला बोलावं, निदान एकदा तरी फाडफाड बोलावं, अशी इच्छाही त्यात होती. त्यांची नजर त्यांना परत करणं एवढं एकच आता माझ्या हातात उरलं होतं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बसले आणि म्हटलं, "आई, बाबांच्या डोळ्यांचं मला तुला काही सांगायचंय."

"डोळ्यांना काय झालं होतं त्यांच्या?" आई म्हणाली. "तीनदा तपासून आले. स्वतःच्या ओळखीच्या दुकानात नाही, लाज वाटली म्हणून लांबच्या दुकानांत. तिन्ही ठिकाणी उत्तम."

"मग?"

"मग काय. एक दिवस इथेच बसले होते. म्हणाले, डोळे चांगले, कॅमेऱ्याचं मशीन चांगलं, मग बिघाड इथे आहे." आईने कपाळावर बोट टेकवलं. "मोठ्या भावाचं डोकं गेलं ते त्यांनी पाहिलं होतं ना. शेवटी सख्ख्या बायकोला, आपण कोणाकडे आलात, असं विचारायचे ते. हे म्हणाले, माझंही सुरू झालं. पोरीला कळू देऊ नको."

मी विचारलं, "दुसरं काय विसरायचे?"

"विसरू दिलं तर ना!" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम ताठ झाला. "त्या दिवसापासून मी कंबर कसली. घराच्या किल्ल्या माझ्याकडे घेतल्या. एकट्याला बाहेर सोडलं नाही. गॅसला हात लावू दिला नाही. फोन आला की आधी मी घ्यायची, कोण आहे ते सांगून मग द्यायची. सकाळी उठल्या उठल्या वार विचारायची. पहिले-पहिले चिडायचे, मी काय बालवाडीत आहे का म्हणायचे. मग मुकाट सांगायला लागले. दोन वर्षांत एकदा चुकले नाहीत. एकदा नाही!"

घडी घातलेला टॉवेल तिने उलगडला आणि परत त्याची घडी घातली. गेल्या दोन वर्षांत मी आले की बाबा दार उघडायला यायचे नाहीत, आई यायची. ते खिडकीशी बसलेले असायचे. मला वाटायचं, थकले.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही म्हणाले. आजाराचं नाव कळलं की घरभर होतं, म्हणाले. आणि मी होते की." ती माझ्याकडे बघून जरा हसली. "तुला म्हणून सांगते. आयुष्यभर या माणसाने मला काही करू दिलं नाही. बँक ते, बाजार ते, डॉक्टर ते. ही दोन वर्षं मात्र मी सांभाळलं त्यांना. भावासारखी त्यांची दशा होऊ दिली नाही. ते स्वतःचं नाव, माझं नाव लक्षात ठेवून गेले."

बोलायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याने बाबांचं डोकं, डोळे, सगळं जागेवर आलं असतं, आणि या बाईने एका धडधाकट माणसाला दोन वर्षं घरात कोंडून रोज सकाळी वार विचारला, एवढंच मागे उरलं असतं. तेही माझ्यामुळे.

"तू काय सांगत होतीस डोळ्यांचं?" आईने विचारलं.

"काही नाही. स्क्रूकाकांकडे गेले होते. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा बाबांनी केलेला आहे म्हणाले."

"आणि कॅमेरा?"

"चांगला आहे. धूळ होती थोडी."

"बघ," आई म्हणाली. "म्हणजे मशीन चांगलंच होतं. यांचंच सुरू झालेलं. मी वेळेवर ओळखलं म्हणून बरं."

ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. घडीवरचा तिचा हातही थांबला होता.

"हो आई," मी म्हटलं. "तू ओळखलंस म्हणून."