परशुरामाची जागा

आंतोन मास्तर मालवणच्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एक वेड लागलं. दोनशे वर्षांपूर्वीची एक जर्मन सिंफनी त्यांना लहानपणापासून पाठ होती. वडील बोटीवरच्या बँडमध्ये होते, त्यांनी तिची तबकडी आणली होती. साठ वादकांची ती रचना मास्तर पाच माणसांत वाजवू लागले. व्हायोलिनवर ते स्वतः, लग्नाच्या बँडमधले दोन ट्रंपेटवाले, पेटीवर शाळेतली नम्रता आणि मृदंगावर परशुराम. दर गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलात.

परशुराम दशावताराच्या नाटकांत वाजवायचा. नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं. सिंफनीच्या दुसऱ्या भागात सगळे थांबतात आणि सनईसारखं एक वाद्य एकटंच गातं. ते वाद्य मालवणात कोणाकडे असणार? मास्तरांनी ती जागा परशुरामाला दिली.

"किती वेळ वाजवू?" त्याने विचारलं होतं.

"तुका वाटात तितको."

कधी तो चार बोल वाजवून थांबे, कधी सगळ्यांना कुठल्या कुठे नेऊन अलगद परत आणी. एकदा त्याने नुसत्या डाव्या हाताने इतकं हळू वाजवलं, की नम्रता पुढे पेटी वाजवायचीच विसरली. कुठलाही गुरुवार आधीच्या गुरुवारासारखा झाला नाही.

ग्लिनिस मास्तरांची विद्यार्थिनी. आठव्या वर्षी त्यांच्याकडे व्हायोलिन धरायला शिकली आणि पुढे जर्मनीत जाऊन ऑर्केस्ट्रा चालवायला शिकली. नाताळात घरी आली तेव्हा तिने तीन गुरुवार हॉलात बसून सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. पुढच्या वर्षी ती आली ती महोत्सव घेऊनच. किनाऱ्यावर उघडा मंच, मुंबई-पुण्याचे चाळीस वादक, आणि त्यांच्यासोबत हे पाच जण. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'उत्स्फूर्त सिंफनी' असं छापलं होतं.

"सर, तुम्ही पहिल्या रांगेत," ती म्हणाली. मास्तर सहासष्ट वर्षांचे होते. पूर्ण ऑर्केस्ट्रात ते आयुष्यात कधी बसले नव्हते.

तालमीला ग्लिनिसने परशुरामासमोर मृदंगाचे बोल लिहिलेला कागद ठेवला. घरी ती मालवणी बोलायची, इथे शुद्ध मराठी. "हे तुमचंच आहे, काका. दुसऱ्या गुरुवारी वाजवलेलं. सगळ्यांत सुंदर तेच होतं, म्हणून मी लिहून काढलं. अगदी तसंच वाजवा."

"तेवां वाजवलेला माका आज खंय आठवता, बाय?"

तिने मोबाइलवर ऐकवलं. परशुरामाने दुसऱ्या कोणाचं ऐकावं तसं मन लावून ऐकलं. मग तीनदा वाजवून पाहिलं. तिन्ही वेळा तो भलतीकडेच गेला. चाळीस माणसं गज उचलून ताटकळत होती.

"काका, या सगळ्यांना कधी सुरू करायचं ते कळायला हवं. तुमच्या मनावर सोडलं तर कोणीतरी आधीच शिरेल."

"शिरांदे की. मी तेका सांबाळून घेतंय."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ग्लिनिस मास्तरांकडे वळली. "सर, तुम्ही सांगा ना त्यांना."

काय सांगायला हवं ते मास्तरांना ठाऊक होतं. तो लिहिलेलं वाजवणार असेल तर पोस्टरवरचा 'उत्स्फूर्त' शब्द खोडा, एवढंच. पण तेवढं बोललं तर पहिल्या रांगेतली आपली खुर्चीही जाईल, हेही ठाऊक होतं. ते समोरच्या स्टँडकडे बघत म्हणाले, "परशुराम, तिचा ऐक. लिवलाहा तसा वाजव."

परशुरामाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मृदंगावर फडका घातला. "ता माका जमाचा नाय, मास्तर. तुमी वाजवा."

मुंबईच्या एका वादकाने त्या कागदावरून वाजवलं. एक बोलही चुकला नाही. कार्यक्रमाला माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मास्तरांनी इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं आणि तेवढा वेळ ते सुखात होते, हे त्यांना नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं. घरी आल्यावर त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली. 'स्थानिक लोककलावंतांच्या वादनावर आधारित.' परशुरामाचं नाव कुठेच नव्हतं.

पुढचे तीन गुरुवार परशुराम आला नाही. मग मास्तर कांदळगावला त्याच्या घरी गेले. तो पडवीत मृदंगाची वादी ओढत बसला होता.

"रागावलंस?"

"नाय. मी इल्लंय ऐकूक. मागे बसलेलंय. त्या मुंबयच्यान बरा वाजवल्यान. माझाच वाजवल्यान."

"मगे ह्या बेस्तरवारी हॉलात ये."

परशुरामाने वादी सोडली. "मास्तर, आदी वाजवूक बसलंय की हात खंय जातलो ता माका म्हायत नसायचा. आता वाजवताना वाटता, ह्या कागदावरचा. मगे ता सोडून मुद्दाम दुसरा वाजवतंय. मुद्दाम वाजवलेला ता वाजवणा नाय."

"नाटकात पण?"

"नाटकात पण."

मास्तर वाटभर पुष्कळ शब्द जुळवून आले होते. "माझा चुकला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"चुकला," परशुराम म्हणाला, आणि पुन्हा वादी ओढू लागला.

त्यानंतर गुरुवार उरला नाही. नम्रता दोनदा येऊन गेली, ट्रंपेटवाल्यांचा लग्नांचा हंगाम सुरू झाला.

फेब्रुवारीत ग्लिनिसचा फोन आला. मुंबईतल्या मोठ्या सभागृहात तोच कार्यक्रम ठरला होता. "सर, तुमच्याशिवाय कसं होणार?"

"परशुरामाचं नाव घाल," मास्तर म्हणाले.

"सर, पोस्टर छापून झालंय. पुढच्या वेळी नक्की."

स्वयंपाकघरात त्यांची बायको फिलोमिना मासळी साफ करत होती. तिचा हात थांबला. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली.

"तालीम कधी?" त्यांनी विचारलं.