नववा डबा

"तिथं नको, उस्ताद," फर्राज म्हणाला.

बिशर दगडांच्या राशीपुढे गुडघे टेकून बसला होता. वरचे दोन दगड त्याने उचलून बाजूला ठेवले होते आणि हिरवा डबा तो पोकळीत सरकवणार, एवढ्यात फर्राज बोलला. अम्मानच्या एका भटक्या मंडळींच्या क्लबाने बिशरला बारा डबे देऊन पाठवलं होतं. प्रत्येकात एक वही, एक पेन्सिल. पाच दिवसांच्या वाळवंटी पायवाटेवर ते लपवायचे आणि प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मोबाईलवर चढवायचे. मग हौशी लोक त्या आकड्यांच्या मागावर चालत येणार, डबा हुडकणार, वहीत नाव लिहून पुढच्या डब्याकडे निघणार. वाट दाखवायला इथल्याच बदू या भटक्या जमातीतला फर्राज होता. एकसष्ट वर्षांपैकी चाळीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं.

"का? विंचू आहे?"

"कबर आहे. माझ्या बहिणीची."

बिशरने डबा मागे घेतला. उचललेले दगड दोन्ही हातांनी, होते तसे परत ठेवले आणि वरची माती हलकेच झटकली. मग विचारलं, "केवढी होती?"

"सात वर्षांची. शम्मा."

नववा डबा तीस पावलांवरच्या बाभळीच्या मुळांत गेला. तिच्याच सावलीत फर्राजने चहा टाकला. आजवर कितीतरी पाहुणे या वाटेवरून त्याने नेले होते. सगळ्यांना खडक दाखवले, या राशीवरून मात्र तो मुकाट पुढे जाई. पण या माणसाने दगड जागच्या जागी ठेवले होते. फर्राज बोलत गेला.

तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शम्माला हगवण लागली होती, तंबूतलं पाणी संपलं होतं. आईने त्याला गाढव आणि दोन पखाली देऊन विहिरीवर पिटाळलं. दोन तास जायला, दोन तास यायला. परतताना वाटेत लष्कराचा एक ट्रक वाळूत रुतलेला दिसला. शिपाई वाळू उपसत होते. त्यांनी त्याला आत बसवलं, चाक हातात दिलं, बिस्किटं दिली. ट्रक निघेपर्यंत ऊन कलायला आलं. तो पोचला तेव्हा आई शम्माचं तोंड ओढणीने झाकत होती.

"मी सांगितलं, विहीर आटली होती. पाझर साठायची वाट बघत बसलो. अजूनपर्यंत तेच सांगतोय."

"तुम्ही पोर होता," बिशर म्हणाला.

"पोरच होतो. पाणी माझ्याकडंच होतं पण."

मोबाईल त्याने खिशातच ठेवला होता. पाचव्या दिवशी रस्त्यावर गाडी आली तेव्हा त्याने फर्राजला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

हिवाळ्यात वाट वाहू लागली. लोक आले, पण वाटाड्याला विचारणारं कुणी नव्हतं. आकडे हातात होते, पाण्याच्या जागा आकड्यांत होत्या. त्याही फर्राजनेच सांगितलेल्या. त्याचे उंट दावणीला बसून राहिले.

एका दुपारी त्याची मुलगी वदहा मोबाईल घेऊन तंबूत आली. ती तालुक्याच्या गावी शाळेत शिकवी. आजी, फर्राजची आई, उशीला टेकून बसली होती, फर्राज खोगिराचा पट्टा शिवत होता.

"बाबा, तुमचं नाव आलंय बघा. नवव्या डब्याला सगळ्यांत जास्त पसंती आहे. आजी, ऐक."

"काय लिहिलंय गं?" म्हातारी म्हणाली. तिचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती.

फर्राजने हात पुढे केला. "आण इकडं. नंतर वाचू."

"तुम्हाला कुठं वाचता येतं?" वदहा हसली आणि मोठ्याने वाचू लागली. 'बदू मुलीची समाधी.' वाळवंट, हगवण, दोन पखाली. बिशरने छान लिहिलं होतं. रुतलेला ट्रक आला, तशी वदहाची गती मंदावली. बिस्किटांपाशी ती थांबली आणि बापाकडे बघू लागली.

"पुढं वाच," म्हातारी म्हणाली.

वदहाने शेवटपर्यंत वाचलं. फर्राजची सुई पट्ट्यातच राहिली होती.

म्हातारीने विचारलं, "किती बिस्किटं होती?"

"चार," फर्राज म्हणाला.

"एखादं तरी आणायचं होतंस तिला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "एवढी वर्षं मी त्या विहिरीला शिव्या घातल्या."

आठवडाभर तिने या विषयावर शब्द काढला नाही. खाणं, औषध, सगळं वदहाच्या हातून घेई. फर्राज जवळ आला की ओढणी सारखी करून गप्प बसे. मग एका सकाळी म्हणाली, "लोक तिथं येतात म्हणे. जाऊन बघून ये, दगड नीट आहेत का. माझी जागा तिच्या शेजारी आहे, ते विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला. रास उसकटलेली होती. डबा बाभळीखाली आहे असं लिहिलेलं असूनही लोकांनी आधी दगडच उचकले होते. डोक्याशी रोवलेला दगड आडवा पडला होता, त्यावर कुणी रंगाने हृदय काढलं होतं. मधल्या खळग्यात नाणी, बाहुलीची चप्पल, दोऱ्याचं कंकण, आणि बिस्किटांचे पुडे. कुणाकुणाला कथा फारच भिडली असावी. एक पुडा कोल्ह्याने फोडला होता.

फर्राज ते सगळं बाजूला काढत असताना एक जोडपं आलं. पोरगा पोरगी दोघं अम्मानचीच, पाठीवर पिशव्या.

"सलाम, काका. ती मुलीची समाधी हीच ना?" पोरीने विचारलं.

"नाही."

"आकडे तर इथलेच दाखवतायत."

"आकड्यांचं मला नाही कळत. शेरडांच्या वाड्याचे दगड आहेत हे."

पोरगा पोरीला हळूच म्हणाला, "बघ, तरी म्हटलं होतं. गोष्ट रचलेली असते गं, पर्यटकांसाठी." दोघांनी बाभळीखालचा डबा काढला, वहीत नावं लिहिली. पोरीने जाताना विचारलं, "काका, एक फोटो काढू तुमचा?"

"नको," फर्राज म्हणाला.

ती वळणाआड गेल्यावर त्याने कामाला हात घातला. एकेक दगड उचलून तो दूर नेऊ लागला. कुठे दोन, कुठे एक, ओढ्याच्या काठाने, टेकडीच्या पायथ्याशी, जिथे दगडांत दगड मिसळून जाईल अशा जागी. डोक्याचा दगड जड होता. तो छातीशी धरून नेला आणि रंगाची बाजू खाली करून ठेवला. मग बाभळीची फांदी मोडून जमीन झाडली. संध्याकाळपर्यंत तिथे जमिनीखेरीज काही उरलं नाही.

घरी आला तेव्हा म्हातारी जागीच होती.

"दगड नीट आहेत?"

तो तिच्या पायांशी बसला. आहेत म्हणणं अगदी सोपं होतं.

"नाहीत. लोकांनी उचकले होते. मग मीच काढून टाकले सगळे. आता कुणाला सापडायची नाही."

"खूण?"

"खूण नाही ठेवली. मला माहीत आहे ना जागा. पावलानिशी दाखवीन."

म्हातारी बराच वेळ बोटाने ओढणीची किनार चाचपत राहिली.

"म्हणजे मला तिच्याजवळ पुरलंस की नाही," ती म्हणाली, "ते आता तू सांगशील तेच खरं."

आणि ती कुशीवर वळली. फर्राजने पायांशी घसरलेली घोंगडी ओढून तिच्या खांद्यापर्यंत आणली. ती तिने खाली सारली नाही, वर ओढूनही घेतली नाही.